रणगाड्याची चाकं मोजणारी माणसं

नगरजवळच्या लष्कराच्या केके रेंजवर सराव सुरू झाला की तोफांचा आवाज खारे कर्जुन्याच्या शिवारात घुमतो. एरवी तिकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही. सीमेवर तणाव असला की मात्र त्याच आवाजाला निराळा अर्थ चिकटतो. कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत टाकतं, ती फौजींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोचते आणि तालुक्याच्या वार्ताहराचा हात आपोआप ओळखीच्या माजी सैनिकाच्या नंबरावर जातो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण त्या माणसाला नेमकं काय विचारायचं आणि त्याच्या कुठल्या उत्तराची बातमी करायची, याचा विचार आपल्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी अजून पुरेसा केलेला नाही.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षणशाळा १९४८ पासून आहे. यांत्रिकी पायदळाचं रेजिमेंटल सेंटर इथलंच. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही इथलीच. रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला तर शाळांच्या सहली येतात. रणगाडा चालवलेली, त्याची तोफ डागलेली, त्याचं इंजिन उतरवून पुन्हा बसवलेली माणसं निवृत्तीनंतर पेन्शन, माजी सैनिकांसाठीच्या ‘ईसीएचएस’ योजनेचा दवाखाना, कॅन्टीन आणि जुन्या तुकडीतले सोबती यांच्यासाठी मोबाइलवर एकत्र येतात. बातमीदाराच्या दृष्टीने हे गट म्हणजे मोठा ठेवा आहे.

त्याचा पहिला उपयोग खोटी दृश्यं ओळखण्याचा. सप्टेंबर २०२१ मध्ये काही भारतीय वाहिन्यांनी अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानने केलेला हवाई हल्ला म्हणून एक चित्रफीत दाखवली. ती ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातली होती. पुढच्या वर्षी युक्रेनच्या युद्धातही या खेळातली दृश्यं खरी म्हणून इतकी फिरली, की ती ओळखायची कशी हे खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच जाहीरपणे सांगावं लागलं. अशा वेळी डेस्कवरच्या उपसंपादकाला जे दिसत नाही ते जुन्या गनरला दिसतं. अर्जुन रणगाड्याला एका बाजूला सात चाकं असतात, टी-७२ आणि टी-९० यांना सहा. अर्जुनमध्ये चौघं बसतात. टी-७२मध्ये तिघंच, कारण तोफेत गोळा भरायचं काम यंत्र करतं. अर्जुनची तोफ १२० मिलिमीटरची, टी-७२ची १२५ मिलिमीटरची. छायाचित्र राजस्थानातलं म्हणून आलं आणि त्यातला रणगाडा भारतीय लष्कराकडे नसलेलाच निघाला, तर तेवढ्यावरच बातमी थांबवता येते. खोटी बातमी थांबवणं हा या मंडळींचा सर्वांत मोठा उपयोग आहे असं मला वाटतं, आणि नेमका तोच आपण सर्वांत कमी करून घेतो.

दुसरा उपयोग त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांचा. ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी देशाला समजली ती मुख्यतः माजी सैनिकांनीच ती चिकाटीने मांडत ठेवली म्हणून. ई-मेल, ब्लॉग आणि नंतर मोबाइलवरचे गट यांतून पेन्शनचे तक्ते, सरकारी आदेश, न्यायालयांचे निकाल फिरत राहिले. एकाच हुद्द्यावरून, तेवढ्याच सेवेनंतर, पण वेगळ्या साली निवृत्त झालेल्या दोघांच्या पेन्शनीत किती फरक पडतो, हे पत्रकारांना तिथे आयतं मिळत होतं. २००९ मध्ये माजी सैनिकांनी पदकं परत केली. २०११ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने मागणीच्या बाजूने अहवाल दिला. जून २०१५ मध्ये जंतरमंतरवर आंदोलन सुरू झालं, त्याला पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी पाठिंबा दिला. अण्णा स्वतः लष्करात वाहनचालक होते. ५ सप्टेंबर २०१५ रोजी सरकारने योजना जाहीर केली. इथे सैनिक स्वतःबद्दल बोलत होते आणि त्यांचा प्रत्येक आकडा कागदावर ताडून पाहता येत होता, म्हणून हा स्रोत भक्कम ठरला.

आज सीमेवर काय चाललंय हे मात्र त्याच माणसाला विचारलं की पाया निसटतो. पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या हवालदाराला कालच्या हालचालीची खबर नसते, त्याच्यापर्यंतही पुढे ढकललेला निरोपच आलेला असतो. तो त्याने आपल्या गटात टाकला की त्याला फौजीचा शिक्का मिळतो आणि बातमीत तो ‘लष्करी सूत्रांच्या माहितीनुसार’ होऊन उतरतो. गावात तर कुठल्याही फौजीला ‘मेजर’ म्हणतात. वार्ताहराने त्याचा खरा हुद्दा, शाखा आणि निवृत्तीचं साल विचारलंच पाहिजे. रणगाड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं रणगाड्याबद्दलचं मत मोलाचं असतं. नौदलाच्या कारवाईबद्दल तो तुमच्या-माझ्यासारखाच एक प्रेक्षक असतो.

याहून अवघड प्रसंग माहिती खरी निघते तेव्हाचा. जुलै २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या खेळाच्या चाहत्यांत ब्रिटिश ‘चॅलेंजर २’ रणगाड्यावरून वाद चालला होता. आपण त्याच रणगाड्याचे कमांडर असल्याचं सांगणाऱ्या एकाने, खेळातला रणगाडा चुकीचा बनवलाय हे पटवण्यासाठी, लष्करी पुस्तिकेतली पानंच तिथे टाकली. काही महिन्यांत फ्रान्सच्या ‘लक्लेर’ रणगाड्याबाबतही तसंच झालं. अमेरिकेत जॅक टेशेरा या एअर नॅशनल गार्डमधल्या तरुणाने गोपनीय कागद मित्रांच्या ऑनलाइन गटात टाकले. ते एप्रिल २०२३ मध्ये वृत्तपत्रांपर्यंत आले आणि पुढे त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यातल्या एका कागदावर युक्रेन युद्धातल्या मृतांचे आकडे कुणीतरी बदललेले होते. अस्सल कागदावर खोटा आकडा घालून तो पुढे सोडलेला! कागद खरा दिसतो एवढ्यावर बातमी लिहिणाऱ्याने हा प्रकार जरूर लक्षात ठेवावा.

आपल्याकडे लष्कराने जुलै २०२० मध्ये जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितली. १९२३चा शासकीय गुपिते कायदा माहिती देणाऱ्यासोबत ती घेणाऱ्यालाही पकडतो, हे तालुक्याच्या वार्ताहरांना कुणी सांगतच नाही. २००८च्या मुंबई हल्ल्यात थेट प्रक्षेपणाने काय धोका होतो ते आपण पाहिलं. २६ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नये असं पुन्हा बजावलं. तरीही मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षात कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या वाहिन्यांवर झळकल्या आणि त्या खोट्या निघाल्या.

मला मनापासून वाटतं, नगरच्या पत्रकाराने या माणसांकडे युद्धाच्या बातम्या मागणं कमी करावं आणि केके रेंजबद्दल जास्त विचारावं. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारं क्षेपणास्त्र याच रेंजवर डागून तीन किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं गेलं. त्याची बातमी दिल्लीहून आली, छायाचित्रासकट. त्याच वर्षी रेंजच्या वाढीव भूसंपादनाच्या भीतीने नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली गावं अस्वस्थ होती. सरावासाठी किती जागा लागते, गोळा कुठवर जातो, सुरक्षेचा पट्टा कशाला सोडतात, हे कुठलंही गुपित न फोडता समजावून सांगू शकणारी माणसं त्याच गावांत राहतात. सरावाच्या तारखांची जाहीर सूचना निघते तेव्हा ती आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या सूचनेशेजारी न फुटलेला गोळा कसा दिसतो, तो भंगारासाठी उचलू नये, कापू नये, सापडला तर दूर राहून पोलिसांना कळवावं, हे एखाद्या निवृत्त सुभेदाराकडून लिहून घेऊन ठळक छापता येईल. भंगाराच्या चार पैशांपायी अशा गोळ्यांनी या परिसरात माणसांचे जीव घेतले आहेत.