चालती व्हॅन अचानक बंद का पडते?

सकाळची शाळेची वेळ. मुलांनी भरलेली व्हॅन उड्डाणपुलाच्या चढावर धापा टाकू लागते. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नाही आणि पुलाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडते. मागून बसगाड्या हॉर्न वाजवत येतच असतात. दिल्ली, नोएडा, गुडगावच्या रस्त्यांवर हे दृश्य नवे नाही.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन रस्त्यावर आली, पुढे ती ओम्नी म्हणून ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, दुकानदाराची गाडी अशी सगळी कामे तिने केली. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. २०१० मध्ये आलेल्या ईकोचे इंजिनही तिथेच. सीट उचलली की बरेचसे दिसते, ही सोय. पण गर्दीत उष्णता तिथेच कोंडते, ही अडचण.

आधी सुरक्षितता

गाडी बंद पडताच चारही इंडिकेटर लावा आणि उरलेल्या वेगात डावीकडे घ्या. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन बंद पडल्यावर एकदोनदाच ब्रेक हलका लागतो, मग पेडल कडक होते. म्हणून ते पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरा. मुलांना रहदारीच्या बाजूने उतरवू नका. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळा आणि सगळ्यांना गाडीपासून दूर न्या.

बंद पडली, पण कशी?

मेकॅनिककडे जाऊन नुसते "पिकअप नाही" म्हटले, तर तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि बिल वाढत जाते. त्याऐवजी गाडी कशी बंद पडली ते सांगा. दिवा मालवावा तशी एका क्षणात बंद पडली, तर संशय बहुधा विजेवर: कॉइल, वायरिंग, सेन्सर. आचके देत, रडतरखडत थांबली, तर इंधन कमी पोहोचत असावे: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, टाकीतला कचरा किंवा पाणी.

सिग्नलवर बंद पडते पण रस्त्यावर नीट धावते, तेव्हा थ्रॉटलवर साचलेली काजळी किंवा हवेची फाटकी नळी पाहावी. उलट, सपाट रस्त्यावर ठीक पण चढावर दम नाही, असे असेल तर इंधन व हवेचे फिल्टर आधी तपासावेत. सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तरी असेच होते. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, तर दोष क्लचचा; इंजिन उघडायला लावू नका! थोडे अंतर गेल्यावर एखादे चाक तापत असेल, तर ब्रेक अडकला आहे.

तीन सिलिंडरांपैकी एकाचा प्लग गेला, तर जवळजवळ एकतृतीयांश ताकद जाते आणि गाडी थरथरते. यालाच मेकॅनिक "मिसिंग" म्हणतात. काढलेला प्लग स्वतः पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट काळेपणा दिसला, तर इंजिनातले तेल आत शिरते आहे आणि खर्च मोठा आहे.

मे महिन्यातले दुखणे

दिल्लीच्या ४५ अंशांच्या उन्हात सर्वांत चकवणारा बिघाड असतो. अर्धा तास कोंडीत अडकल्यावर गाडी बंद पडते, वीस मिनिटे थंड झाल्यावर सुरू होते आणि गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते. तापल्यावर दगा देणारी कॉइल, क्रँक सेन्सर किंवा पेट्रोल पंप ही यातली नेहमीची नावे. तपासणी गरम इंजिनावरच करायला सांगा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत नळीतच पेट्रोलची वाफ होऊनही असे घडते. तापमानाचा काटा वर गेला असेल, तर मात्र गाडी पुढे रेटू नका आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

पावसाळ्यात ओलाव्याने प्लगच्या वायरींतून वीज गळते. मिंटो ब्रिजखाली साचते तशा पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सुरूच करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सीएनजीवाल्यांची सोपी कसोटी

इंधन बदलून पाहा. सीएनजीवर अडते पण पेट्रोलवर सुरळीत चालते, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा प्लग पाहावेत. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो, गॅसवर नाही. दोन्हींवर सारखेच अडत असेल, तर गॅसची किट बदलून काही उपयोग नाही. अनेक जण पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलची टाकी कायम तळाला ठेवतात. मग पंप तापतो, पेट्रोल शिळे होते आणि गरजेच्या वेळी गाडी त्यावर चालत नाही. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तर पाणी सहज मिसळते आणि जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांनाही ते मानवेलच असे नाही. नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्या.

गाडीत इंजिनाचा दिवा लागत असेल, तर भाग बदलण्याआधी स्कॅनर लावून घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. काश्मिरी गेटच्या बाजारातून स्वतः सुटा भाग आणणार असाल, तर जुना भाग आणि गाडीचे उत्पादन वर्ष सोबत न्या. कार्बोरेटर आणि इंजेक्शनच्या गाड्यांचे अनेक भाग वेगळे असतात.

इंजिन उघडण्यापर्यंत वेळ आली, तर नोंदणीची तारीख आधी पाहा. १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर राजधानी क्षेत्रात बंदी घालणाऱ्या आदेशाला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुजोरा दिला. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयापुढे आला. तेव्हा सध्याचा नियम परिवहन कार्यालयात विचारून मगच मेकॅनिकला होकार द्या.