जुनी मोटार आणि जुने विमान

घरातील जुनी वस्तू ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबात निघाला म्हणजे त्याचा निकाल सहसा लौकर लागत नाही. आणि ती वस्तू मोटार असली, तर मुळीच लागत नाही. वर्ध्यातील आमच्या परिचयाच्या एका घरी वडील पिढीने घेतलेली मोटार कित्येक वर्षे पडवीत उभी आहे. आजोबांचा तिच्यावर जीव. नातवाचे म्हणणे, जागा अडते, भंगारवाल्यास देऊन टाकावी. उभयपक्षांनी आमचे मत विचारले. ते देण्यापूर्वी थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी आम्हांस द्यावी.

जुन्या मोटारी बाळगणाऱ्या मंडळींचे संघ देशोदेशी आहेत. दिल्लीस अशा मोटारींची शर्यतवजा मिरवणूक १९६४ सालापासून सुरू झाली. या संघांची एक आवडती सहल म्हणजे विमानांचे संग्रहालय. मोटारवाल्यांनी विमाने पाहावयास का जावे, असे कोणी विचारील. परंतु ही दोन्ही वाहने एकाच कुळातली. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, त्याचे बारा अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे इंजिन त्यांच्या सायकलच्या कारखान्यातील कारागिराने तयार केले होते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण, ते पेटविणारी ठिणगी व त्या धक्क्याने हलणारा दट्ट्या, एवढा संसार दोघांचाही सारखाच. भेद आहे तो जबाबदारीचा. मोटार बंद पडली तर बाजूस उभी करून मिस्त्रीची वाट पाहता येते. आकाशात ती सोय नाही. म्हणून विमानाच्या दट्ट्याच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग आणि त्यांस ठिणगी पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो ठेवतात. एक रुसला तरी दुसरा वेळ निभावून नेतो. हे मर्म, ज्याने स्वतः प्लग काढून पुसला आहे, त्यासच चटकन उमगते.

आपल्याकडे असे संग्रहालय पाहावयाचे तर वर्ध्याहून गोव्यापर्यंतचा लांबचा प्रवास करावा. दाबोळीनजीक बोगमाळो येथे नौदलाने १९९८ साली ते उघडले. तेथे उघड्या अंगणात ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ जातीचे चार इंजिनांचे थोरले विमान आहे. प्रत्येक इंजिनास अठरा सिलिंडर, म्हणजे एकूण बहात्तर! एअर इंडियाच्या सेवेत ‘रानी ऑफ एलोरा’ म्हणून मिरविलेले हे विमान पुढे वायुदलाकडे आणि नंतर नौदलाकडे गेले. वेरूळचे नाव धारण करून देशोदेशी हिंडलेली ही राणी आज एका जागी स्थिर आहे. तिचे दर्शन घेता येते, आवाज मात्र ऐकता येत नाही. बहात्तर सिलिंडरांची निगा राखणारे हात आणि त्यांस लागणारे सुटे भाग एकदा पांगले, की ते पुन्हा जमविणे राजासही दुष्कर.

इंग्लंडातील शटलवर्थ संग्रहात याच्या उलट रीत आहे. तेथे जुन्या मोटारी आणि जुनी विमाने शक्यतो चालती ठेवतात. १९०९ सालचे ब्लेरिओचे विमान तेथे आजही, वारा अगदी पडलेला असता, धावपट्टीवर चार पावले वर उचलतात. त्यामुळे ती विद्या गुरूकडून शिष्याकडे जात राहते.

आता वर्ध्याकडे वळू. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. त्या वाटेवर जमनालाल बजाज यांच्या फोर्ड मोटारीस बैल जुंपून पाहुण्यांची ने-आण होत असे. इंग्रजीत बैलास ‘ऑक्स’ म्हणतात. तेव्हा बैल आणि फोर्ड मिळून झाली ‘ऑक्सफर्ड’! विनोद बाजूस ठेवला, तरी मोटारीचे मोल तिच्या थाटात नसून माणसाच्या उपयोगी पडण्यात आहे, हे त्या बैलजोडीने दाखवून दिले.

सरकारने २०२१ साली नियम केला, त्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हीए’ या अक्षरांनी नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. अशी मोटार रोजच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावी लागते. या कसोटीस आमची ‘ऑक्सफर्ड’ उतरली नसती हे उघड आहे!

तेव्हा आजोबा व नातू या दोघांसही आमचे सांगणे असे. पडवीत धूळ खात ठेवणे म्हणजे जतन नव्हे, आणि भंगारात घालणे म्हणजे व्यवहार नव्हे. आजोबांनी चार रविवार नातवास जवळ बसवून हातांनी काय करावयाचे ते शिकवावे आणि नातवाने ते वहीत टिपून ठेवावे. गाडी सुरू झाली तर उत्तमच. न झाली, तर जो तिला चालती करील अशा जाणकाराच्या हाती, त्या वहीसह, आनंदाने सोपवावी. लोखंड पुन्हा मिळेल. आजोबांच्या हातातील विद्या मात्र त्यांच्या हयातीतच उतरून घ्यावयाची असते.