बोका घरी आला, तरी पहारा हवाच

दवाखान्यातून मांजर घरी आणले, की संकट टळले, अशी घरच्यांची समजूत होते. दोन-तीन दिवसांची धावपळ, जागरण आणि खर्च यांनी थकलेल्या माणसांना ते वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र मूत्रमार्ग तुंबल्यामुळे तातडीने दाखल कराव्या लागलेल्या बोक्याच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते. लघवीची नळी काढल्यानंतर पहिले काही दिवस मार्ग पुन्हा तुंबण्याचा धोका मोठा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत बोका डॉक्टरांच्या नव्हे, तर घरच्यांच्या देखरेखीखाली असतो.

नेमके काय घडते?

मांजरीच्या तुलनेत बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि अतिशय अरुंद असतो. लघवीतील खडे, स्फटिक आणि चिकट स्राव यांचा बोळा तेथे अडकतो. कित्येकदा खडा नसतोच. मूत्राशयाला आलेली सूज आणि मार्गाचे आकुंचन एवढेही कारण पुरते. लघवी कोंडली, की मूत्रपिंडांचे काम थांबू लागते आणि रक्तातील पोटॅशियम वाढते. वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच दवाखान्यात सलाइन, हृदयाला आधार देणारी औषधे, भूल देऊन बसवलेली नळी असा क्रम असतो. बोका स्वतःहून लघवी करू लागला, की साधारणपणे त्याला घरी सोडले जाते.

या उपचारांनी अडथळा दूर होतो. पण मूत्राशयाची सूज लगेच ओसरत नाही. नळीमुळे मार्गाचा आतला पडदाही दुखावलेला असतो. घरच्या देखभालीचे महत्त्व येथे आहे.

पहिली रात्र

भूल आणि वेदनाशामक औषधे यांचा अंमल काही तास टिकू शकतो. बाहुल्या मोठ्या दिसणे, चालताना तोल जाणे हे त्यामुळे होते. अशा अवस्थेत बोक्याला बाल्कनी, खिडकीची कड किंवा कपाटाचा माथा यांपासून दूर ठेवावे. शांत, मंद उजेडाची एक खोली, जमिनीवरचे अंथरूण, जवळच पाणी आणि थोड्या अंतरावर ट्रे एवढी व्यवस्था पुरेशी आहे. गळ्याभोवती प्लास्टिकची कॉलर दिली असेल, तर दया येऊन ती काढू नये. सतत चाटल्याने दुखावलेला भाग अधिकच सुजतो.

ट्रेवर नजर

या काळातील सर्वांत महत्त्वाची नोंद लघवीची. दिवसातून किती वेळा झाली, धार होती की थेंब, रंग कसा होता, हे कागदावर लिहून ठेवावे. गोळे बनणारी वाळू वापरत असल्यास गोळ्यांची संख्या आणि आकार पाहावा. सुरुवातीचे काही दिवस लघवीत किंचित लालसरपणा दिसू शकतो. लघवी होतच नसेल, तर मात्र थांबण्यास वाव नाही.

येथेच अनेकांची फसगत होते. ट्रेमध्ये बसून कुंथणारा बोका पाहून घरच्यांना बद्धकोष्ठ वाटते. एरंडेल, दूध असे घरगुती उपाय होतात आणि मोलाचे तास निघून जातात. कुंथणाऱ्या बोक्याची लघवी होत आहे ना, ही खात्री आधी केली पाहिजे.

औषध आणि अन्न

डॉक्टरांनी दिलेली औषधे वेळेवर आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावीत. बोका खेळू लागला म्हणून ती मध्येच बंद करू नयेत. घरातील माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते.

लघवी जितकी पातळ, तितका धोका कमी. कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के पाणी असते, तर ओल्या डबाबंद खाद्यात ते 75 ते 80 टक्के असते. त्यामुळे ओल्या खाद्यावर भर देण्याचा सल्ला सहसा दिला जातो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. जबरदस्तीने तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. बोक्याने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना कळवावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून नवाच आजार उद्भवू शकतो.

घरातील शांतता

ताण हे या आजाराचे मोठे कारण मानले जाते. पाहुण्यांची वर्दळ, फटाके, घरातील रंगकाम, जागेची अदलाबदल यांचा परिणाम बोक्याच्या मूत्राशयावर होऊ शकतो. घरात दुसरे मांजर असल्यास ते परतलेल्या सोबत्यावर फिस्कारण्याची शक्यता असते. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास लागलेला असतो. दोघांना एक-दोन दिवस वेगळे ठेवून, एकाच्या अंथरुणावरचे कापड दुसऱ्याजवळ ठेवावे आणि मग हळूहळू भेट घडवावी. जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे अधिक असावा.

तातडीने केव्हा निघावे?

वारंवार ट्रेकडे जाऊनही लघवी न होणे, कुंथताना ओरडणे, उलट्या, लपून बसणे, पोटाला हात लावू न देणे, अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. त्यासाठी रात्री उघडा असणारा दवाखाना, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि तेथे जाण्याचे वाहन यांची तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवावी. डिस्चार्जचा कागद मांजराच्या पिंजऱ्यातच ठेवलेला बरा.

वारंवार मार्ग तुंबणाऱ्या बोक्यांसाठी मार्ग रुंद करणारी शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. मात्र अनेक बोके पाणी, आहार आणि शांतता या साध्या गोष्टींच्या बळावर पुढे वर्षानुवर्षे सुखाने जगतात. त्यासाठी पहिले काही दिवस घरातील एकाने तरी रात्री उठून ट्रे पाहण्याची तयारी ठेवली पाहिजे.