अहवाल उशिरा आला तर : लखनौमधील मुलांच्या कोरोना चाचणीचे अर्थकारण

एप्रिल २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात लखनौमध्ये ज्या घरात मुलाला ताप आला, त्या घरातील आईवडिलांपुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. पहिला प्रश्न वैद्यकीय होता : हा ताप नेहमीचा की कोरोनाचा? दुसरा त्याहून साधा, पण अधिक जाचक होता : हे कळणार कधी? उत्तर प्रदेशचे तत्कालीन विधी व न्यायमंत्री ब्रजेश पाठक यांनी आरोग्य विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र त्याच सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. राजधानीत चाचणीचे अहवाल मिळण्यास चार ते सात दिवस लागत असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले होते. राज्याच्या मंत्र्यालाच असे पत्र लिहावे लागते, तेव्हा इंदिरानगर किंवा आलमबागमधील एखाद्या सामान्य कुटुंबाची स्थिती काय असेल, याची सहज कल्पना येते.

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत चाचण्यांची संख्या वारंवार सांगितली जाते. दररोज इतके लाख नमुने तपासले, दर दहा लाख लोकसंख्येमागे इतक्या चाचण्या झाल्या, असे आकडे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थीही पाठ करतात. नमुना घेतल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंत किती तास गेले, हा आकडा मात्र क्वचितच प्रसिद्ध होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुर्लक्षित आकडा आहे.

माहितीचे मूल्य

अर्थशास्त्रात माहितीचे मूल्य मोजण्याची एक सरळ कसोटी आहे. ती माहिती मिळाल्याने आपला निर्णय बदलतो का आणि बदलला तर त्यातून किती हानी टळते, हे पाहायचे. निर्णयाची घटिका टळून गेल्यावर आलेली माहिती कितीही अचूक असली तरी तिचे मूल्य जवळजवळ शून्य होते. या अर्थाने चाचणीचा अहवाल हा दुधासारखा नाशवंत माल आहे.

मुलाच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने जाणवते. कोरोनाचा बाधित मनुष्य लक्षणे दिसण्यापूर्वी एकदोन दिवस आणि त्यानंतरचे काही दिवस इतरांना सर्वाधिक संसर्ग देतो. समजा, सात वर्षांच्या मुलाला सोमवारी ताप आला, बुधवारी त्याचा नमुना घेतला गेला आणि अहवाल सहा दिवसांनी, म्हणजे पुढच्या मंगळवारी मिळाला. एप्रिल २०२१च्या सुधारित नियमानुसार, शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी गृहविलगीकरण संपत असे. म्हणजे विलगीकरणाची मुदत संपत आली असताना ते करावयास हवे होते, हे त्या कुटुंबाला कळले! दरम्यान आजीला दुसऱ्या खोलीत ठेवावे की नाही, वडिलांनी कामावर जावे की नाही, मुलाजवळ कोणी झोपावे, हे सारे निर्णय अंदाजाने घेतले गेले. प्रौढ व्यक्ती स्वतःला खोलीत कोंडून घेऊ शकते. सात वर्षांच्या मुलाला एकटे ठेवता येत नाही. त्याच्या विलगीकरणात आई किंवा वडील गुंततातच आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात त्याची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

बहुतेक मुलांमध्ये हा आजार सौम्य राहिला. परंतु सौम्य म्हणजे विरळ नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१मध्ये केलेल्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६ ते ९ वर्षे वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षे वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी मुलांचे लसीकरण सुरू झालेले नसल्याने ही प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गाचीच होती. यांपैकी थोड्या मुलांना संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी शरीराच्या अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर विकार झाला. अशा मुलाला पूर्वी कोरोना होऊन गेला होता का, हे डॉक्टरांना निदानासाठी हवे असते. ज्याची वेळेवर चाचणीच झाली नाही, त्याच्याकडे ती नोंद नसते.

रांगेचे गणित

कोरोनाचा देशातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला, तेव्हा निदानाची पुष्टी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होत असे. १९५२मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे सुरुवातीला आग्र्यासारख्या शहरांतूनही नमुने येत. पुढे लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात ही सोय झाली, त्यानंतर इतर सरकारी संस्था व खासगी प्रयोगशाळा आल्या आणि २०२१च्या मध्यापर्यंत देशातील प्रयोगशाळांची संख्या अडीच हजारांवर पोहोचली. ही वाढ निश्चितच मोठी होती. मग एप्रिलमध्ये अहवाल का रखडले?

याचे उत्तर रांगेच्या गणितात आहे. डेन्मार्कचे अभियंते एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रासाठी १९०९मध्ये या गणिताचा पाया घातला. समजा, एखादी प्रयोगशाळा तासाला सरासरी १० नमुने तपासू शकते. काही सोपी गृहीते धरली, तर तासाला ८ नमुने येत असताना प्रत्येक नमुन्याला सरासरी अर्धा तास लागतो. ९ नमुने येऊ लागले की एक तास, ९.५ आले की दोन तास आणि ९.९ आले की तब्बल दहा तास! आवक केवळ एक चतुर्थांशाने वाढली, पण प्रतीक्षा वीसपट झाली. आवक क्षमतेपलीकडे गेली, तर हे सूत्रही कोलमडते. दिवसाला १,००० नमुन्यांची क्षमता आणि १,३०० नमुन्यांची आवक असेल, तर रोज ३०० नमुने शिल्लक राहतात. दहा दिवसांत ३,००० नमुन्यांचा साठा होतो आणि नवा नमुना तीन दिवस मागे पडतो. त्यातच प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आजारी पडले की क्षमता घटते. लखनौमध्ये दैनंदिन रुग्णसंख्या पाच हजारांपलीकडे गेली, तेव्हा नेमके हेच झाले.

असा साठा तुंबल्यावर कोणता नमुना आधी तपासावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आधी आला तो आधी, हा न्याय आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण त्याने प्रत्येकाचाच अहवाल चार दिवस शिळा होतो. साठा बाजूला ठेवून आजचा नमुना आजच तपासला, तर निदान काही कुटुंबांना उपयोगी पडेल असा अहवाल मिळतो. मात्र जे थांबले आहेत त्यांच्यावर अन्याय होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, लक्षणे असलेली मुले, वृद्ध आणि गर्भवती यांचे नमुने वेगळ्या रांगेत घेणे हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग होय. रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण आपल्या मागच्या सर्वांचा वेळ खर्च करीत असतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. केवळ प्रवासाच्या परवानगीसाठी चाचणी करून घेणारा निरोगी मनुष्य तापाने फणफणलेल्या मुलाच्या पुढे उभा असतो. परिषदेने ४ मे २०२१ रोजी ही बाब ओळखून निरोगी व्यक्तींच्या आंतरराज्य प्रवासासाठीची आरटी-पीसीआर चाचणीची अट काढून टाकावी, तसेच एकदा बाधित ठरलेल्याची पुन्हा चाचणी करू नये, असे सुचविले. यंत्रसामग्रीवर एक रुपयाही खर्च न करता रांग आखूड करणारा हा उपाय होता.

श्रीमंत देशही या गणितातून सुटले नाहीत. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२०च्या आरंभी शाळा उघडल्या, मुलांमध्ये नेहमीची सर्दी-पडशाची साथ आली आणि पालकांना चाचणीची वेळच मिळेना. तेथील चाचणी यंत्रणेच्या प्रमुख डायडो हार्डिंग यांनी १७ सप्टेंबर रोजी संसदीय समितीपुढे मागणी क्षमतेच्या तीन ते चार पट असल्याचे सांगितले होते.

एकत्र चाचणीची मर्यादा

क्षमता वाढविण्याचा एक कल्पक मार्ग मूळचा एका अर्थतज्ज्ञाचा आहे. १९४३मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतील रक्ततपासणीसाठी असे सुचविले की, अनेकांचे नमुने एकत्र मिसळून एकच चाचणी करावी. ती नकारार्थी आली, तर सर्वच जण निर्दोष. होकारार्थी आली, तरच प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी करावी. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाने एप्रिल २०२०मध्ये देशात आरंभीच ही पद्धत अवलंबिली. परिषदेने पाच नमुन्यांपर्यंत एकत्रीकरणास मान्यता दिली, पण बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असलेल्या भागात ते करू नये, असे बजावले.

ही मर्यादा का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडेमोड करून पाहावे. बाधितांचे प्रमाण २ टक्के असेल, तर पाचांच्या गटात एकही बाधित नसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते आणि १०० लोकांसाठी सुमारे ३० चाचण्या पुरतात. प्रमाण ५ टक्के झाले की ४३ चाचण्या लागतात, २० टक्के झाले की ८७ आणि ३५ टक्के झाले की १०८, म्हणजे स्वतंत्र चाचण्यांहूनही अधिक! शिवाय गट होकारार्थी आला की चाचणी दोनदा करावी लागते आणि अहवाल आणखी लांबतो. मे २०२१च्या आरंभी देशपातळीवर बाधितांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले होते. साथ ओसरलेली असताना भरपूर बचत करून देणारी ही युक्ती लाट भरात येताच निकामी होते.

दर आणि प्रतीक्षा

मार्च २०२०मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. पुढे राज्यांनी दर उतरविले. उत्तर प्रदेशात २०२०च्या अखेरीस तो ७०० रुपयांवर आला. गरीब कुटुंबासाठी हा मोठा दिलासा होता आणि त्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. तथापि दर बांधलेला असताना मागणी पुरवठ्याहून वाढली, तर तिचे नियमन पैशाऐवजी वेळेने होते. ७०० रुपयांखेरीज रांगेतील तास, तीनतीन फेऱ्या आणि अनिश्चितता ही त्या चाचणीची खरी किंमत ठरते.

जलद अँटिजेन चाचणीने या कोंडीतून अंशतः वाट काढली. जून २०२०मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या संचाची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, तर संवेदनक्षमता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणजे होकारार्थी निष्कर्षावर विसंबता येते. नकारार्थी निष्कर्षावर, लक्षणे असल्यास, येत नाही. पण अर्ध्या तासात मिळालेले ‘होय’ हे सहाव्या दिवशीच्या अचूक अहवालापेक्षा त्या घराला अधिक उपयोगी असते. १९ मे २०२१ रोजी परिषदेने घरच्या घरी करावयाच्या चाचणीस मान्यता दिली. तो संच पुण्यातील मायलॅब कंपनीचा होता आणि त्याची किंमत २५० रुपये होती.

नाकात खोलवर काडी घालून नमुना घेणे हे लहान मुलांसाठी आणखी एक संकट. मूल रडते, हात झटकते आणि नमुना नीट न मिळाल्यास अहवालही फसतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच नीरीने, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत विकसित केली आणि मे २०२१मध्ये तिला मान्यता मिळाली. यात काडी नको, प्रशिक्षित तंत्रज्ञ नको आणि निष्कर्ष सुमारे तीन तासांत मिळतो. अगदी तान्ह्या मुलाला गुळणी करता येत नाही हे खरे; पण शाळकरी मुलाच्या आईला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

अहवालावाचून निर्णय

लखनौमधील खरा पेच चाचणीच्या पुढच्या पायरीवर होता. रुग्णालयात खाट मिळण्यासाठी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे शिफारसपत्र लागे आणि ते मिळण्यासाठी बाधित असल्याचा अहवाल. अशा रीतीने एका टेबलावरचा विलंब पुढच्या टेबलावर जाऊन साचत असे. ही अट पुढे शिथिल झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ मे २०२१ रोजी देशभरासाठी धोरण सुधारून, कोविड उपचार केंद्रात दाखल होण्यास बाधित असल्याचा अहवाल अनिवार्य राहणार नाही आणि संशयित रुग्णास संशयितांच्या कक्षात घ्यावे, असे स्पष्ट केले. चाचण्यांची क्षमता एका आठवड्यात दुप्पट करता येत नाही; अहवालावर अवलंबून असलेले निर्णय मात्र एका आदेशाने मोकळे करता येतात.

हा धडा उत्तर प्रदेशाने यापूर्वी एकदा, फार मोठी किंमत देऊन घेतला होता. गोरखपूर परिसरात दर पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले दगावत. २००५च्या भीषण साथीनंतर जपानी मेंदूज्वराची लस आली, २००८मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेने तेथे आपला विभागही उघडला. तरीही अनेक मुलांच्या आजाराचे कारण सापडत नसे. पुढील संशोधनात त्यांपैकी मोठ्या संख्येच्या मुलांना स्क्रब टायफस असल्याचे दिसून आले. हा आजार जीवाणूजन्य असून स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो, मात्र ते मेंदूला बाधा होण्याआधी, तापाच्या सुरुवातीच्या दिवसांतच द्यावे लागते. त्यामुळे त्या भागात तापाच्या मुलांना अहवालाची वाट न पाहता हे औषध सुरू करण्याची शिफारस करण्यात आली.

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबर २०२१मध्ये फिरोजाबाद, मथुरा व आग्रा येथे मुलांमध्ये तापाची नवी साथ आली. अनेकांना आरंभी तो कोरोनाच वाटला. तपासणीत डेंग्यू निघाला. डेंग्यूची एनएस-१ चाचणी तापाच्या पहिल्या चारपाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. कोणत्या दिवशी नमुना घेतला, हे अहवालावर लिहिलेले नसेल, तर डॉक्टरांना त्या अहवालाचा अर्थच लावता येत नाही.