थंडीतली सहल : आई-बाबांच्या ग्रुपसाठी महाबळेश्वर नको, मग कुठे?

हिंजवडी : फेज तीनमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर सकाळी साडेसहाला कानटोप्या घातलेले अकरा जण जमतात. सगळे निवृत्त. कुणी पिंपरीच्या कारखान्यात होते, कुणी बँकेत, कुणी शाळेत. मुलांच्या आयटीतल्या नोकऱ्यांमुळे इथे येऊन राहिले. रोज पाच किलोमीटर चालतात, आमच्यापेक्षा जास्तच.

जानेवारीत तीन दिवस उबदार ठिकाणी जायचं ठरलं आणि व्हॉट्सअॅपवर महाबळेश्वर, गोवा, कच्छ अशी नावं पडू लागली. तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकांनी लिहिलं, "तुम्ही जाऊन या, मी पुढच्या वेळी." बाबा म्हणाले, तो नसेल तर आपणही नाही. मग ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे आलं.

थंडी टाळायची तर खाली उतरा

हिंजवडी दख्खनच्या पठारावर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते आणि पारा दहा-बारा अंशांपर्यंत येतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरहून उंच. वेण्णा लेकजवळ काही पहाटे दवबिंदू गोठतात. फोटोला छान, पण थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, सांधे आखडतात. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तिथली पहाट टाळलेलीच बरी. कच्छच्या रात्रीही बोचऱ्या असतात.

समुद्राचं पाणी मात्र सावकाश थंड होतं. म्हणून किनाऱ्यालगत जानेवारीतही पहाटेचं तापमान साधारण १८ ते २० अंश आणि दुपारी तिशीच्या आसपास राहतं. स्वेटर लागला तर पहाटेच.

इथे एक चकवा आहे, दापोली. कोकण म्हणून लोक निर्धास्त जातात, पण दापोली शहर किनाऱ्यावर नाही, वर पठारावर आहे. तिथे काही हिवाळ्यांत पारा दहाच्या खालीही गेलेला आहे. मुक्काम करायचाच तर खाली कर्दे किंवा मुरूडला करा.

गोव्यात ऊब आहे, पण नाताळ ते नववर्ष गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही वाढतात. निवृत्त लोकांची मोठी सोय म्हणजे त्यांना शनिवार-रविवारची वाट पाहावी लागत नाही. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातले मंगळवार ते गुरुवार निवडले.

दिवेआगर का?

अंतर हे पहिलं कारण. आमच्याकडून माण, घोटावडे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे. सकाळी आयटी पार्ककडे येणाऱ्या गाड्यांच्या उलट दिशेने आपण निघतो, हे सुख हिंजवडीकरांनाच कळेल. थांबत-थांबत साडेचार-पाच तास धरा. घाटात वळणं फार आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते. मळमळणाऱ्यांना पुढे बसवा. ट्रॅव्हलरची शेवटची सीट पाठीच्या दुखण्यासाठी सर्वांत वाईट.

दुसरं कारण चालणं. दिवेआगरचा किनारा चार-पाच किलोमीटर लांब, सपाट, मागे सुरूचं बन. रूपनारायणाचं मंदिर आणि सुपारीच्या वाड्या चालत फिरता येतात. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघा दुखतो; ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर मात्र आरामात चालता येतं.

ओहोटी कधी? कोकणात यासाठी जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची अंदाजे वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी साडेसातला ओहोटी. रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. इंजिनीअर असूनही मला हे सूत्र बाबांकडून कळलं. तेव्हा सकाळी चालायचं असेल तर द्वितीया-तृतीयेच्या आसपासचे दिवस साधा. पाण्यात उतरण्याआधी मात्र गावकऱ्यांना विचारा.

हरिहरेश्वरला दर्शन घ्या, पण प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या उभ्या पायऱ्या आणि निसरडे खडक गुडघेवाल्यांसाठी नाहीत. भरतीत तर कुणीच जाऊ नये. लाटेने माणसं ओढली गेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. त्याऐवजी शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्रालगतचा रस्ता गाडीतूनच पाहा.

खोली घेताना फोटोंवर जाऊ नका. घरमालकाला व्हिडिओ पाठवायला सांगा. तळमजला, कमोड, गरम पाणी आणि न्हाणीघरातली फरशी घसरडी नाही ना, एवढं बघितलं की पुरे. उपजिल्हा रुग्णालयं श्रीवर्धन आणि माणगावला आहेत. मोठ्या हृदयोपचारांसाठी बराच प्रवास करावा लागेल, हे धरूनच डॉक्टरांना आधी विचारा. १०८ रुग्णवाहिकेचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

एसटी, रेल्वेची सवलत

एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं तिकीट आणि महिलांनाही निम्मं. आधार कार्ड जवळ ठेवा. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, गोव्याला जाताना हे विसरू नका.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा आहे, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलंत की तो हातचा जातो. जोड्या-जोड्यांनी काढा. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तळमजल्याची खोली काकांच्या नावाने धरली आहे, असंही लिहिलं. अर्ध्या तासाने त्यांचा मेसेज आला : "तिथे उकडीचे मोदक मिळतात ना? मग साखरेच्या गोळ्या जास्त घेतो."