घंटा, घड्याळ आणि साडेपाच तास

निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. पूर्वी लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोल पडत. आता काही शाळांत हे काम लिनक्स प्रणालीच्या संगणकाकडे असते. त्यातील ‘क्रॉन’ हा कार्यक्रम दर मिनिटाला वेळापत्रक तपासतो आणि नेमलेले काम करतो. परीक्षेच्या दिवसांत सहाची घंटा चुकली, तर वंदना, अभ्यासिका, न्याहारी सारेच कोलमडते, आणि दोष बहुधा क्रॉनला दिला जातो. वास्तविक प्रथम पाहावे ते घड्याळ.

संगणकात घड्याळे दोन. एक नाण्याएवढ्या बॅटरीवर, यंत्र बंद असतानाही चालणारे. दुसरे प्रणालीचे, यंत्र सुरू होताना पहिल्यावरून वेळ घेणारे. पहिल्यात जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स सहसा गृहीत धरते आणि ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग निवडला असल्यास तीत साडेपाच तास मिळविते.

हे साडेपाच तास निसर्गदत्त नव्हेत. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ झाली. मुंबईने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही. आपल्या वर्ध्याचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे १६ मिनिटे मागेच आहे! घड्याळातील वेळ हा माणसांनी केलेला करार आहे, आणि संगणकाला तो सांगावा लागतो.

चूक किती वेळाची, यावरून कारण ओळखता येते. सहाची घंटा सकाळी ११.३० ला वाजली, तर विभाग जागतिक वेळेवरच राहिला आहे. रात्री १२.३० ला वाजून मुले झोपेतून उठली, तर त्याच यंत्रावर विंडोजही असावे. विंडोज बॅटरीच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स तीत पुन्हा साडेपाच तास मिळविते. तारीखच कित्येक वर्षे मागे गेली, तर बॅटरी संपली. फरक पाच-दहा मिनिटांचाच असेल, तर इंटरनेटवरून वेळ जुळविणे बंद पडले आहे.

‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दोन्ही घड्याळे व विभाग एकत्र दाखविते. विभाग बदलल्यावर क्रॉन पुन्हा सुरू करावा, अन्यथा तो जुन्याच वेळेने चालत राहू शकतो. हे हमखास विसरले जाते. एवढे करूनही घंटा वाजली नाही, तर त्या वेळी वीज होती का ते पाहावे. यंत्र बंद असताना हुकलेले काम क्रॉन नंतर भरून काढत नाही. रोजच्या माहितीची प्रत काढण्यासारखी कामे म्हणूनच ‘एनाक्रॉन’कडे द्यावीत, घंटेसाठी इन्व्हर्टर हवा.