आधी साबण, मग निवाडा

कुत्रं चावलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती कुत्र्याची. "कुणाचं होतं? पाळीव का मोकाट? पिसाळलेलं तर नव्हतं?" शिरूर तालुक्यातलं न्हावरे असो की दौंड तालुक्यातलं पाटस, हेच प्रश्न ऐकू येतात. पुष्कळदा उत्तरही तयार असतं : "शेजारचंच आहे, काही होत नाही." या एका वाक्यापायी मोलाचे तास निघून जातात. कुत्र्याची चौकशी करायला पुढचे दहा दिवस आहेत. जखम धुण्याची वेळ मात्र आत्ताची आहे.

पहिली पंधरा मिनिटं

वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. बोअरचं पाणी चालेल, कपड्यांचा साबण चालेल. रेबीजचा विषाणू साबणापुढे टिकत नाही; जितका वाहून जाईल, तितका नसांपर्यंत पोचायचा कमी होतो. चुना, हळद, मिरची, तेल यांतलं काहीही जखमेवर लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. टाकेही शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर आधी जखमेत रेबीजविरोधी सीरम देऊन, मग घालतात.

त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना. कातडी शाबूत असेल आणि कुत्र्याने नुसतं चाटलं असेल, तर लसीची गरज नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल, तर लस घ्यायची. रक्त आलं असेल, किंवा लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल, तर लसीबरोबर सीरमही हवं. सीरम वजनाप्रमाणे मोजून जखमेच्या आत आणि भोवती देतात. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला काही दिवस लागतात. तोवर सीरम विषाणूला जागीच अडवतं. जवळच्या आरोग्य केंद्रात ते नसेल, तर तालुक्याच्या किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जावं. पहिल्या लसीनंतर सात दिवसांपर्यंत सीरम देता येतं, पण पहिल्याच दिवशी मिळालेलं उत्तम. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

सरकारी रुग्णालयांत लस बहुधा कातडीत, दोन्ही दंडांवर थोडी थोडी देतात : 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिली सोमवारी घेतली, तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि शेवटची पहिलीनंतर चार आठवड्यांनी, सोमवारीच. स्नायूत दिली, तर 14 व्या दिवसाची धरून पाच होतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीत अजून आहे. ती लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. खरा धोका असतो तो जखम भरल्यावर "आता कशाला" म्हणून उरलेली लस चुकवण्यात. जखम वरून भरली म्हणजे काम संपलं, असं नसतं. रेबीजची लक्षणं बहुधा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

जखमेवर लक्षही ठेवावं लागतं. लाली पसरू लागली, पू आला, ताप आला, किंवा हाताला चावल्यावर बोट वळेनासं झालं, तर पुन्हा दाखवावं.

कुत्र्याकडे पाहताना

हे सगळं सुरू झालं, की मग कुत्र्याकडे वळावं.

शिरूर आणि दौंडच्या ऊस पट्ट्यात कुत्र्याशिवाय वस्ती राहत नाही. ऊस घराच्या मागच्या भिंतीपर्यंत येतो आणि उसात बिबट्या असतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे जीव गेले. अशा ठिकाणी कुत्र्याचं भुंकणं म्हणजे घराची राखण. रात्रभर कानोसा घेणारं, दिवसा आखूड साखळीला बांधलेलं कुत्रं दूधवाल्यावर किंवा ऊसतोडीच्या टोळीतल्या पोरावर धावून जातं, तेव्हा त्याच्या समजुतीने ते राखणच करत असतं.

म्हणून आठवून पाहावं : ते खात होतं का? पिलांजवळ होतं का? झोपेत पाय पडला का? मोटारसायकलच्या मागे धावलं का? आधी अंग ताठलं होतं, मानेवरचे केस उभे राहिले होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, गुरगुरलं होतं का? गुरगुरणं ही सूचना असते. त्याबद्दल काठी खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी कदाचित न गुरगुरताच चावेल.

रेबीजमध्ये मात्र स्वभावच पालटतो. कारण नसताना लाकूड, दगड, माणूस, जे समोर येईल त्याला चावणं, आवाज बदलणं, लाळ गळणं, झोकांड्या खाणं. दुसरा प्रकार शांत असतो आणि म्हणून जास्त फसवा : कुत्रं कोपरा धरून बसतं, जबडा लोंबतो, घास गिळवत नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो. असा हात कधीच घालू नये. लाळ गाळणाऱ्या गाईम्हशीच्या तोंडातही नाही. आधी पशुवैद्यकाला बोलवावं.

दहा दिवस कशासाठी?

विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो, तो लक्षणं दिसण्याच्या थोडेच दिवस आधी. मग ते झपाट्याने खंगतं आणि मरतं. म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात. पुढची लस किती घ्यायची हे मग डॉक्टर ठरवतात. रागाच्या भरात कुत्रं मारलं, तर हा पुरावाच नाहीसा होतो. आणि "चिडवलं म्हणून चावलं" यावरून रेबीज नाही, असं ठरत नाही. कुत्र्याला लस दिलेली असली, तरी आपली लस पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवी.

मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजच्या बळींत 15 वर्षांखालची मुलं सुमारे 40 टक्के असतात. ओरडा बसेल म्हणून पोर चावा लपवतं. "आधी सांग, कुणी रागावणार नाही" हे घरात आधीच बोलून ठेवावं. चावल्यानंतर पोर रात्री दचकून उठलं, शाळेची वाट बदलू लागलं, तर त्याला हसू नये. काही दिवस हात धरून त्या वाटेने न्यावं.

गावापुढचं काम वेगळं आहे. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली, की रेबीजची साखळी तुटते. गोव्याने सामूहिक लसीकरणाच्या जोरावर 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित राज्याचा दर्जा मिळवला. तिथेही कुत्री आहेत, वाड्या आहेत, मोकाट फिरणं आहे. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं, तर आपल्याकडेही वस्तीवस्तीवर लस पोचेल.

जखमेचा निर्णय कुत्र्याच्या वागण्यावर सोडू नये, आणि कुत्र्याचा निवाडा जखमेच्या रागात करू नये. दहाव्या दिवशी ते दारात उभं राहून भाकरीची वाट पाहत असेल, तर मालकाने साखळी लांब करावी, फाटक दुरुस्त करावं, त्याला लस टोचून घ्यावी. चावा बसलेल्याच्या मनातला राग तोवर निवळलेला असतो, कारण त्याचे उपचार कुणाच्या निवाड्यासाठी थांबलेले नसतात.